वॅट शेवटी, आधी जागा: छोट्या मैफलीसाठी स्पीकर निवडणं आणि त्याला करंट देणं

गेल्या चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) गोव्यात, फोंड्यातल्या एका दुकानात मी जॅक घ्यायला उभा होतो. शेजारी एका भजनी मंडळाचे चौघे स्पीकर घ्यायला आलेले. खजिनदारांनी विचारलं, "केवढ्याचा?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दोन हजार वॅट." चौघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या आणि जोडी टेम्पोत चढली. वाजणार कुठे, ऐकणारे किती, करंट कुठून येणार, हे कोणी विचारलं नाही. महिनाभराने त्यांच्याच देवळातून मला फोन आला, "स्पीकर शिट्टी मारतो आणि शब्द कळत नाहीत. बदलून मिळेल काय?"

स्पीकर बदलायची गरज नव्हती. काय झालं होतं ते पुढे जागेवर सांगतो.

मी मुळात पेटीवाला. साऊंड शिकलो तो वैतागून, कारण साथीला बसलं की माझीच पेटी मला ऐकू यायची नाही. हा लेख पन्नास ते दोनशे माणसांच्या कार्यक्रमासाठी आहे: सभामंडपातलं भजन, नाट्यसंगीताची घरगुती मैफल, वाड्यावरची, घुमट हे मातीचं वाद्य वाजवून म्हटलेली आरती, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये गिटार घेऊन बसलेला एखादा गायक. जत्रेतलं नाटक किंवा मैदानावरचा ऑर्केस्ट्रा यात धरलेला नाही, ते काम व्यावसायिक साऊंडवाल्याचं.

पहिली पायरी: जागेवर जाऊन या

कार्यक्रमाच्या आधी एकदा जागेवर जा. सोबत मोजपट्टी, मल्टिमीटर आणि स्वतःचे दोन हात. गाणारा बसेल तिथून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर मोजा आणि कागदावर लिहा. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो.

मग मंडपाच्या मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा. आपल्याकडच्या जुन्या सभामंडपात लाकडी तक्तपोशी आणि वर मंगलोरी कौलं असतात. तिथे टाळी पटकन विरते. जीर्णोद्धार होऊन स्लॅब पडलेला, खाली संगमरवर, भिंतींना टाइल्स, अशा मंडपात तीच टाळी सेकंद-दोन सेकंद घुमत राहते. अशा जागी आवाज वाढवला की घुमणंच वाढतं, शब्द जास्त कळत नाहीत. तिथे स्पीकरचं तोंड माणसांकडे हवं. भिंत आणि छत यांना आवाजाची गरज नाही. माणसं भरली की घुमणं बरंच कमी होतं, म्हणून रिकाम्या मंडपातली परिस्थिती बघून घाबरू नका. सतरंज्या मात्र जेवढ्या मिळतील तेवढ्या घालायला सांगा.

अंगणात किंवा मांडवात उलटं असतं. घुमणं नाही, पण आवाज परत आणून देणारी भिंतही नाही. तोच स्पीकर बाहेर नेला की दुबळा वाटतो.

याच फेरीत अग्रशाळेतला (देवळाच्या आवारातल्या उतरायच्या खोल्यांतला) मीटर कुठे आहे, सॉकेट किती आणि कसले, तेही बघून ठेवा.

दुसरी पायरी: थोडा हिशेब

तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की दुकानात कोणी फसवू शकत नाही.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं माप) उतरतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डीबीने चढतो. आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. पाचशेऐवजी हजार वॅटचा बॉक्स घेतलात तर फरक जेमतेम जाणवण्याइतका. पाच मीटरवरचा स्पीकर दोन पावलं पुढे, साडेतीन मीटरवर आणलात तर तेवढाच फरक फुकटात मिळतो.

स्पीकरच्या कागदावर वॅटपेक्षा महत्त्वाचा एक आकडा असतो: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डीबी आवाज येतो, तो हा आकडा. चांगल्या १२ इंची बॉक्सची ९५ ते ९८ डीबी असते. ९१ चा एक बॉक्स आणि ९७ चा दुसरा, यांत सहा डीबीचा फरक, म्हणजे पहिल्याला तेवढाच आवाज काढायला चौपट वॅट लागतात.

आता एक खरं उदाहरण करू. सभामंडप, ऐंशी माणसं, शेवटची रांग १२ मीटरवर. भजनाला मागच्या माणसापर्यंत सरासरी ८५ डीबी पोचले तर पुष्कळ झालं. पण पखवाजाची थाप, बुवांची वरच्या पट्टीतली तान यांसाठी वर १५ डीबीची मोकळीक हवी, म्हणजे क्षणभर १००. बारा मीटर अंतरात जवळपास २२ डीबी उतरतात. म्हणजे स्पीकरच्या तोंडापासून एक मीटरवर १२२ डीबी निघाले पाहिजेत. सेन्सिटिव्हिटी ९७ असेल तर वर २५ डीबी हवेत, आणि २५ डीबी म्हणजे सुमारे ३०० वॅट. स्पीकर दोन लावणार, शिवाय बंदिस्त मंडपाच्या भिंती थोडी मदत करणारच. तेव्हा ३०० वॅट आरएमएसची १२ इंची जोडी या देवळाला पुरून उरते.

आणि पुठ्ठ्यावरचे "२००० वॅट"? एकाच बॉक्सवर तीन आकडे लिहिता येतात. आरएमएस किंवा कंटिन्युअस हा खरा, सतत सोसणारा. प्रोग्रॅम त्याच्या दुप्पट. पीक चौपट. म्हणजे ५०० आरएमएसचा बॉक्स कायदेशीरपणे २००० पीक म्हणून विकता येतो. पीएमपीओ नावाचा चौथा आकडा दिसला तर तो वाचूच नका.

तिसरी पायरी: बॉक्स कसला?

घरची मैफल, तीस-चाळीस माणसं, शॅकचा कोपरा: ८ किंवा १० इंची जोडी. देऊळ, शाळेचा हॉल, शंभर-दीडशे माणसं: १२ इंची. मी पंधरा इंचीपेक्षा बारा इंचीच सुचवतो. १५ इंचीत खालचा आवाज जास्त येतो हे खरं, पण स्वस्तातल्या १५ इंचीत मोठा कोन (खालचे सूर काढणारा गोल पडदा) आणि वरच्या सुरांचा हॉर्न यांच्या मधला पट्टा कमजोर पडतो, आणि माणसाचा गळा नेमका त्याच पट्ट्यात असतो. शिवाय दोन माणसांनी देवळाच्या पायऱ्या चढून ते धूड न्यायचं असतं, हेही विसरू नका.

वेगळा बेस, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा बॉक्स, घ्यावा का? भजनाला नको. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा घुमार १२ इंची बॉक्समधून व्यवस्थित येतो. घुमट तर मातीचंच भांडं, एका बाजूला चामडं आणि दुसऱ्या बाजूचं उघडं तोंड हाताने झाकत-उघडत वाजवायचं. चार घुमटं एकत्र वाजली की मायकाचीही गरज पडत नाही. ड्रम, बेस गिटार किंवा ट्रॅक लावून गाणं असेल तरच बेस घ्या. बंद खोलीत बेसमुळे भिंती बोलू लागतात आणि शेजारी दारात येतात.

घुमणाऱ्या मंडपासाठी कॉलम स्पीकर हा एक चांगला पर्याय आहे. एका उभ्या दांड्यात लहान-लहान कोन एकाखाली एक बसवलेले असतात. आवाज आडवा पसरतो, वर-खाली फार जात नाही, म्हणून छत कमी घुमतं आणि पहिल्या रांगेचे कानही फाटत नाहीत. ड्रमचा मार मात्र तो सोसत नाही.

भोंगा, म्हणजे कर्णा, संगीतासाठी वापरू नका. त्याची सेन्सिटिव्हिटी प्रचंड, पण खालचे आणि अगदी वरचे सूर त्यात येतच नाहीत. "अमुक नंबरची गाडी काढा" एवढ्यापुरता तो ठीक. आणखी एक: भोंग्यांना बहुधा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे अ‍ॅम्पच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलवर तो चालतो. त्याच टर्मिनलवर साधा ८ ओहमचा बॉक्स जोडलात तर बॉक्स किंवा अ‍ॅम्प, दोघांपैकी एक जातो. देवळाच्या कपाटातला जुना अ‍ॅम्प्लिफायर वापरणार असाल तर मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते टॉर्च लावून वाचा.

आता अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अ‍ॅम्प आत बसवलेला. नवीन माणसासाठी तोच बरा. जुळवाजुळव कंपनीने केलेली असते आणि जास्त झालं तर आतला लिमिटर आवाज दाबतो. पॅसिव्हची बाजूही सांगतो. पावसाळ्यात उघड्या मांडवात प्रत्येक बॉक्सपाशी २३० व्होल्टची वायर नेणं मला आवडत नाही. पॅसिव्ह असला तर अ‍ॅम्प आत कोरड्यात राहतो आणि बाहेर फक्त स्पीकरची वायर जाते. आणि बिघडलाच तर कोन बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गावात सापडतो. अ‍ॅक्टिव्हचं सर्किट मात्र आठवडेच्या आठवडे कुठेतरी जाऊन पडतं.

पॅसिव्ह घेतलात तर अ‍ॅम्पचं गणित

बॉक्स ३०० वॅट आरएमएस, ८ ओहम असेल तर अ‍ॅम्प ८ ओहमला ४५० ते ६०० वॅट देणारा घ्या. ऐकायला उलटं वाटतं, कारण "छोटा अ‍ॅम्प लावला की स्पीकर सुरक्षित" अशी समजूत आहे. होतं असं की छोट्या अ‍ॅम्पकडून जास्त आवाज मागितला की तो लहरीचे शेंडे छाटतो. छाटलेल्या लहरीत वरच्या पट्ट्यातली ऊर्जा वाढते आणि ती हॉर्नच्या बारीक कॉइलवर जाऊन पडते. कॉइल जळते, आणि लोक म्हणतात स्पीकर हलका होता. अ‍ॅम्पवरचा तांबडा दिवा एखाद्या थापेला लुकलुकला तर चालेल, पेटून राहिला तर आवाज खाली आणा. मोठ्या अ‍ॅम्पबरोबर उलटी जबाबदारी येते: तो पूर्ण उघडायचा नाही.

एकाच चॅनलला दोन ८ ओहमचे बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात. तीन जोडले तर २.७. बरेच अ‍ॅम्प ४ च्या खाली गेले की तापून बंद पडतात, म्हणून "आणखी एक मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू येण्यासाठीचा बॉक्स) लाव रे" म्हणताना हा हिशेब करा.

वायरचंही तसंच. लाइटची बारीक ०.७५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर २० मीटर ओढली तर जाऊन-येऊन एक ओहम तिच्यातच जातो. ४ ओहमच्या लोडवर म्हणजे स्पीकरला मिळणारी ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. २.५ स्क्वेअरची तांब्याची वायर घ्या. तेवढ्याच अंतरावर नुकसान अर्ध्या डीबीच्या आसपास राहतं, कानाला कळतही नाही.

चौथी पायरी: स्पीकर कुठे उभा करायचा

त्या मंडळाच्या देवळात मी पोचलो तेव्हा दोन्ही नवे बॉक्स बुवांच्या मागे, देवाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीवर ठेवले होते. दिसायला छान, समया ठेवल्यासारखे. पण बुवांच्या मायकाचं तोंड सरळ त्या बॉक्सकडे. मायकात गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर, तिथून परत मायकात, हीच ती शिट्टी. आणि जमिनीवरच्या बॉक्सचा आवाज पहिल्या रांगेतल्या माणसांच्या अंगात शिरायचा. मागे पोचायचं ते फक्त घुमणं.

आम्ही बॉक्स उचलले, बुवांच्या दीड-दोन मीटर पुढे, दोन बाजूंना स्टँडवर चढवले. हॉर्न बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जाईल इतका, म्हणजे साधारण दोन मीटर उंच, आणि तोंड किंचित खाली, शेवटच्या दोन-तीन रांगांकडे. बाकी काहीही बदललं नाही. खजिनदार मागे जाऊन बसले आणि तिथूनच ओरडले, "आता कळता!"

स्पीकर नेहमी मायकांच्या पुढे, हा पहिला नियम. दुसरा: उघडे मायक कमी ठेवा. मायकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज ३ डीबीने घटतो. भजनाला बुवा, पेटी, पखवाज आणि कोरसला एक, एवढे चार पुरेत. टाळ-झांजेला मायक देणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या शेजारी बसू नये. तिसरा: मायक तोंडाजवळ. अंतर निम्मं केलं की ६ डीबी फुकट मिळतात. बुवांना मायक हातभर लांब ठेवायची सवय असते, त्यांना प्रेमाने सांगावं लागतं. वयाने मोठे असतील तर मी बोलत नाही, सरळ उठून स्टँडच पुढे सरकवतो.

गाणाऱ्यासमोर मॉनिटर ठेवणार असाल तर साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) मायकाच्या बरोबर पाठीमागे ठेवा, तिथे तो बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड मायक मात्र पाठीमागून थोडं ऐकतो. त्याचा बहिरा कोन मागच्या दोन बाजूंना असतो, त्यासाठी मॉनिटर जरा तिरका सरकवा.

माणसं मंडपाबाहेर अंगणातही बसणार असतील तर पुढचे बॉक्स बोंबलत ठेवण्यापेक्षा बाहेर एक छोटी जोडी वेगळी लावा. ती पुढच्या बॉक्सपासून १५ मीटरवर असेल तर मिक्सरमध्ये तिला ५० ते ५५ मिलिसेकंद उशीर द्या. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, त्यावर आणखी दहा, म्हणजे कानाला आवाज देवाकडूनच येतोय असं वाटतं.

पाचवी पायरी: करंट

इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण बाकी चुकांनी कार्यक्रम बिघडतो, इथल्या चुकीने माणूस जातो.

म्हापशाकडे एका घरी वाढदिवसाची मैफल होती. गिटार वाजवत गाणारा मुलगा, पावसाळ्याची संध्याकाळ, बाल्कनीतली फरशी ओली आणि तो अनवाणी. पहिल्याच ओळीला ओठ मायकाला लागले आणि तो गप्पकन मागे झाला. आधी वाटलं विसरला. ओठावर हात ठेवून म्हणाला, "चावता रे." मी मल्टिमीटर काढला. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं मायकाच्या जाळीला: नव्वद व्होल्टच्या वर. शोधत गेलो तर गिटारच्या अ‍ॅम्पच्या एक्स्टेन्शनची अर्थची जाड पिन कापलेली. "घूं आवाज यायचा म्हणून काढली," असं कोणीतरी सांगितलं. घूं गेला आणि त्याच्या जागी हे आलं.

अर्थची पिन कधीही कापायची नाही, टू-पिन अडॅप्टरही लावायचा नाही. घूं आवाज बहुधा दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेल्या वस्तू सिग्नलच्या वायरने जोडल्या की येतो. त्यावर उपाय दोन. सगळी संगीताची यंत्रं एकाच सॉकेटमधून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवा. तरी राहिला तर कीबोर्ड किंवा लॅपटॉपच्या वायरीत डीआय बॉक्स (यंत्राचा सिग्नल मिक्सरजोगा करून देणारी छोटी डबी) घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते सिग्नलचा अर्थ तोडतं, विजेचा नाही.

सॉकेट तपासायची रीत अशी. मल्टिमीटर एसीच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये साठ-सत्तर किंवा शंभर असा काहीतरी तरंगता आकडा आला तर अर्थची वायर भिंतीत कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही. ते सॉकेट सोडा. हे हाताळायची सवय नसेल तर गावच्या वायरमनला बोलवा, यात कमीपणा नाही.

देवळात थ्री-फेज मीटर असेल तर आणखी एक गोष्ट. एका खांबावरचं सॉकेट एका फेजवर आणि समोरच्या खांबावरचं दुसऱ्या फेजवर असू शकतं. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. मिक्सर एका बाजूला आणि स्टेजवरचा कीबोर्ड दुसऱ्या बाजूला लावलात, आणि कुठे गळती असली, तर मधल्या माणसाच्या वाट्याला काय येईल ते सांगायला नको. साऊंडचं सगळं एका फेजवर. दिवे, पंखे, पाण्याचा पंप दुसऱ्यावर.

आपल्याकडच्या दमट हवेत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असलेला बोर्ड सोबत बाळगाच. आत गळती झाली की तो क्षणात तोडतो. अगदी स्वस्त नव्हे, पण एका मायकाच्या पैशांत येतो.

आता लागतो किती करंट? लोक इथे घाबरतात. पाटीवर १००० वॅट लिहिलेला अ‍ॅक्टिव्ह बॉक्स गाणं, तबला, पेटी यावर सरासरी शे-दीडशे वॅटच ओढतो, कारण संगीतात थाप क्षणाची आणि मधली जागा मोठी. म्हणजे बॉक्समागे एक अँपियरच्या आतबाहेर. दोन बॉक्स, मॉनिटर आणि मिक्सर एका धड ६ अँपियरच्या सॉकेटवर आरामात चालतात. १६ चं मिळालं तर उत्तम. उलट मांडवातला एक हजाराचा हॅलोजन एकटा सव्वाचार अँपियर सतत खात बसतो. व्होल्टेज पडलं की पहिला संशय त्याच्यावर घ्या.

व्होल्टेज पडतंच. जत्रेच्या दिवसांत संध्याकाळी साडेआठला, सगळी आरास पेटली की, मी अग्रशाळेच्या सॉकेटवर १८७ मोजले आहेत. बॉक्सच्या मागे "१००–२४० व्होल्ट" असं लिहिलं असेल तर त्याला याचं काही वाटत नाही. फक्त "२३०" लिहिलेला, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेला जुना अ‍ॅम्प मात्र कुंथायला लागतो. त्याच्यासाठी स्टॅबिलायझर हवा. डिजिटल मिक्सरला संगणकासाठीचा साधा यूपीएस लावा. लाइट क्षणभर गेली तरी मिक्सर परत सुरू होऊन सेटिंग उचलेपर्यंत अख्खा अभंग हातचा जातो.

एक्स्टेन्शनची वायर २.५ स्क्वेअर, तीन तारांची. गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली वायर लोडवर तापते आणि वितळते. मायकाच्या वायरी विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

जनरेटर घेणार असाल तर

वरच्या हिशेबाने चार बॉक्सचे सहाशे वॅट, मिक्सरचे पन्नास, एलईडी दिव्यांचे दोनशे. साडेआठशे झाले. जवळपास दुप्पट मोकळीक धरा: २ केव्हीएचा, म्हणजे साधारण १६०० वॅटचा पुरतो. शक्यतो इन्व्हर्टर जातीचा घ्या, त्याचं व्होल्टेज स्थिर आणि आवाज कमी. सुरू करून पाच मिनिटं चालू द्या, व्होल्टेज मोजा, मगच यंत्रं जोडा. भाड्याच्या मोठ्या थ्री-फेज जनरेटरवर न्यूट्रलचा स्क्रू स्वतः डोळ्यांनी बघा. तो सैल होऊन निसटला तर एका फेजवरचं व्होल्टेज ४०० कडे चढतं. माझ्या ओळखीच्या एका साऊंडवाल्याचे दोन अ‍ॅम्प एका रात्रीत असेच गेले.

जनरेटर मंडपापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि मध्ये इंधन घालायला यंत्र थांबवावं लागतं, तो वेळ बुवांना आधी सांगून ठेवा.

परवानगी आणि घड्याळ

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाऊडस्पीकरला सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ सणासुदीचे दिवस मध्यरात्रीपर्यंत मोकळे ठेवू शकतं, ते दिवस आधीच जाहीर होतात. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी, आणि शाळा, इस्पितळ, कोर्ट यांच्या भोवती सरकारने जाहीर केलेला किमान १०० मीटरचा शांतता पट्टा. म्हणूनच स्पीकर माणसांकडे आणि खाली वळवायचा. रस्त्यापलीकडच्या घरात कमी जातं आणि तक्रारीआधीच निम्मं काम होतं. शेवटचा अभंग पावणेदहाला घ्या. भैरवी घाईत म्हणवत नाही.

सुरू करायचा आणि बंद करायचा क्रम

सुरू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. उलट केलंत तर जो "ढप्प" होतो तो कोनाला लागतो.

मग बुवांना खरोखरच गायला लावा, "हॅलो टेस्टिंग" नको. त्यांची सर्वांत वरची तान घ्यायला सांगा आणि मिक्सरचा गेन (मायकाचा आवाज आत किती घ्यायचा ते ठरवणारं बटण) असा ठेवा की तांबडा दिवा लागणार नाही. गाणाऱ्यांच्या मायकांना १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकणारं बटण दाबा. पंख्याचा वारा, स्टँडला लागलेला पाय, सगळं त्यातच जातं. पखवाजाच्या मायकाला ते दाबू नका. आवाज हळूहळू चढवा, पहिली शिट्टी येईल तिथे थांबा आणि ५ ते ६ डीबी खाली या. शिट्टीचा सूर ओळखून तेवढाच पट्टा इक्वलायझरवर तीन-चार डीबी खाली ओढा. दोन पट्टे ओढून भागलं नाही तर इक्वलायझर सोडा आणि उठून मायक सरकवा.

नंतर स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा. मिक्सरपाशी बसून कोणालाच मागचं कळत नाही.

कार्यक्रम संपल्यावर

पावसाळ्यात घरी आल्या आल्या बॉक्स पिशवीत कोंबू नका. रात्रभर पंख्याखाली उघडे ठेवा, मायकाची जाळी काढून आतला स्पंज वाळवा, वायरी कोरड्या फडक्याने पुसून मोकळ्या गुंडाळा. किनाऱ्यावर वाजवून आलात तर जॅकवर आणि स्टँडच्या स्क्रूवर खारं बसलेलं असतं, ते त्याच रात्री पुसा. आठवड्याने हिरवं होतं. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आषाढ-श्रावणात कार्यक्रम नसले तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास बॉक्स वाजवा. आतल्या उबेने दमटपणा निघतो. माझी जोडी यासाठी दर दुसऱ्या रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात लागते. त्यावर काय लावायचं ते आमच्या घरात मी ठरवत नाही.